चार बोटं गॅस

"सर, तुमी रात्री गॅस घेतला का?"

सकाळच्या पारी दत्तराव दारात उभे होते. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, आणि चेहरा असा की घरात कुणीतरी गेलंय. बन्सीधरच्या एका गालाला दाढीचा साबण लागलेला होता. त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"कसला गॅस?"

"आमचा. चार बोटं कमी हाय."

"मी कशाला घेऊ तुमचा गॅस? आणि घेऊन ठेवू कुठं?"

"ते तुमालाच ठाव. पोरायला गॅस तुमी शिकवता. आमाला त्याच्यातलं काय कळतंय?" असं म्हणून दत्तराव आत डोकावले. दोरीवर शाळेची रबरी नळी वाळत होती. प्रयोगाची नळी, धुऊन टाकलेली. दत्तरावांनी नळीकडं पाहिलं, मग बन्सीधरकडं पाहिलं आणि मान हलवत निघून गेले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बन्सीधर पालमचा. झरीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी बायको नर्मदा अजून पालमलाच सासू-सासऱ्यांजवळ होती, कारण झरीत खोली मिळायची नाही. रिकामी खोली दिसली म्हणून विचारायला जावं तर तिच्यात कापूस भरलेला, नाहीतर कडबा. शेवटी दिवाळीत दत्तरावांनी मागच्या अंगणातली खोली दिली. चांगली होती, सैपाकाला वेगळा कोपरा होता. संक्रांत झाली की नर्मदा आणि सहा महिन्यांचं लेकरू झरीला येणार, असं पक्कं ठरलं होतं. आणि आता मालक गॅसचोरीचा आळ घेऊन दारात आला होता.

त्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच दत्तरावांचा गोबरगॅस होता. गावातला पहिला. खाली विटांचा हौद, हौदात शेणाचा काला, आणि त्यावर तोंड खाली करून ठेवलेला मोठा लोखंडी ड्रम. गॅस धरला की ड्रम वर येतो, वापरला की खाली जातो. तिथून नळी थेट सैपाकघरात गेलेली, शेगडी बसवलेली, सगळं जय्यत. फक्त ती पेटवायची सोय नव्हती. परभणीहून मोठे साहेब येतील, त्यांच्या हातानं उद्घाटन होईल, मगच शेगडी पेटेल, असा दत्तरावांचा हुकूम होता. साहेब दिवाळीच्या आधी येणार होते. मग दिवाळीनंतर येणार होते. मग म्हणे संक्रांतीच्या आसपास. तोपर्यंत शेगडीच्या कानाला लाल फीत बांधून ठेवलेली, आणि तिच्याशेजारी दत्तरावांची बायको सगुणाबाई कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकत चुलीपुढं बसलेली. गॅस घरात आला आणि धूर काही घरातून गेला नाही. आता याला काय म्हणावं?

खळ्यावर ज्वारीची रास पडली की दत्तराव तिच्यावर राखेची रेघ ओढायचे. रात्री कुणी हात घातला तर सकाळी रेघ मोडलेली दिसते. बापानं तसं केलं, आजानं तसं केलं. गॅसलाही त्यांनी तोच न्याय लावला. लोखंडावर राख ठरेना, म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन दुपारी ड्रमवर हौदाच्या काठाबरोबर रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहिलं तर रेघ चार बोटं हौदात बुडालेली. चोरी झाली, विषय संपला.

त्या दिवशी दुपारी बन्सीधर जेवायला घरी आला तर दत्तराव ओट्यावर खुशीत बसलेले. शेजारचे किशनरावही होते. किशनराव कुठंही असायचेच.

"आनून टाकला का सर? बेस केलं," दत्तराव म्हणाले.

"काय आणून टाकलं?"

"गॅस. आता बरोबर रेघेला लागलाय. भ्यालं की मानूस सुदरतंय."

बन्सीधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो दत्तराव, गॅस म्हणजे उसनी साखर आहे का? वाटीनं नेली आणि वाटीनं आणून टाकली?"

"मंग काय आपोआप वाढला म्हन्ता?"

"हो! आपोआपच! ऊन पडलं की वायू प्रसरण पावतो, म्हणजे फुगतो. थंडी पडली की आकसतो. दहावीच्या पोरांना मी या आठवड्यात हेच शिकवायलोय. चार्ल्सचा नियम आहे हा."

"थंडीनं म्या बी आकसतो सर. पर सकाळी उठून मोजलं तर माझं बोट कमी भरत न्हाई."

"कोन हा चारलस?" किशनरावांनी विचारलं. "कुठल्या गावचा?"

"फ्रान्सचा होता."

"तिकडं गोबरगॅस हाय का?"

"त्या काळी कुठला असणार?"

"मंग त्याला काय मालूम?" किशनराव म्हणाले आणि दत्तरावांनी मान डोलावली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण रोज सकाळी रेघ बुडायची, रोज दुपारी वर यायची. दत्तरावांच्या हिशेबानं चोर रोज न्यायचा आणि रोज आणून टाकायचा. असा चोर म्हणजे साधा माणूस नव्हे, शिकलेलाच पाहिजे. झरीत गॅसमधला शिकलेला माणूस एकच होता. शेवटी दत्तरावांनी सांगूनच टाकलं, "सर, संक्रांतीपतुर बगतो. न्हाई थांबलं हे, तर खोली मोकळी करा. तशी बी आमाला सरकी ठिवायला जागा पायजेच हाय."

बन्सीधरच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस विज्ञानाचा. डोळ्यांनी दाखवलं की कुणालाही पटतं, असा त्याचा भाबडा विश्वास होता. रविवारी त्यानं ओट्यावर प्रयोग मांडला. काचेची बाटली घेतली, तोंडाला बाजारातला लाल फुगा घट्ट बांधला आणि बाटली कढत पाण्याच्या पातेल्यात धरली. फुगा हळूहळू उभा राहिला. मग ती काढून रांजणातल्या गार पाण्यात बुडवली. फुगा लोळून पडला. पुन्हा कढत पाणी, पुन्हा फुगा उभा. बाया, पोरं, गडी, सगळे आ वासून बघत राहिले.

"बघितलं? आत हवा तेवढीच आहे. कुणी घेतली नाही, कुणी घातली नाही. फक्त ऊब आणि गारवा."

दत्तरावांनी बाटली उचलून उलटीसुलटी करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तुमाला येतंय तर."

"काय येतंय?"

"हेच. गॅस कमी-जास्त करायचं. बसल्या जागी. हात बी न लावता."

"पंचायतीसमोर कबूल केलं की सरनं," किशनराव म्हणाले. तिथं पंचायत कुठं होती देव जाणे.

बन्सीधरनं कपाळाला हात लावला. या सगळ्या वैतागात सुखाची गोष्ट एकच होती. खोली आणि दत्तरावांचं सैपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर सगुणाबाई रोज पहाटे टकटक करायच्या, "सर, चहा," आणि त्याच भिंतीतल्या खिडकीच्या गजांतून कपबशी आत यायची. गरम, गोड, आल्याचा. दिवाळीत या चहाला धुराचा वास मारायचा, आता तोही येत नव्हता. सुगरण बाई, असं मनात म्हणून तो चहा प्यायचा आणि दिवसभराच्या कटकटीला तयार व्हायचा.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यानं खोलीला कुलूप लावलं, किल्ली आणि ती रबरी नळी दोन्ही दत्तरावांच्या हातात दिली. "मी पालमला चाललोय. सोमवारी येतो. मी नसताना ड्रम खाली गेला तर मग तरी पटेल ना?"

"बगू," दत्तराव म्हणाले.

पालमला नर्मदेनं ट्रंक भरून ठेवली होती. लेकराची झबली, दोन पातेली, सासूनं दिलेली शेवयांची पिशवी. "खिडकी हाय म्हणलात ना सैपाकाच्या कोपऱ्याला? धूर जाईल ना बाहेर?" तिनं दोनदा विचारलं. बन्सीधर दोनदा हो म्हणाला. खोलीच जायची वेळ आली आहे, हे सांगायला त्याची जीभ उचलेना. लेकरू त्याच्या मांडीवर त्याचा चष्मा ओढत बसलं होतं आणि त्याला त्या चार्ल्सचाही राग यायला लागला होता.

सोमवारी एस. टी.तून उतरला तर स्टँडजवळच्या लोहाराच्या भात्यापाशी दत्तराव आणि किशनराव उभे. दत्तरावांच्या बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवायचं काम चाललं होतं.

"काय झालं दत्तराव? खाली गेला का ड्रम?"

"गेला की. चार बोटं."

"मी तर पालमला होतो!"

"त्याचंच नवल वाटायलंय. पालमवरनं कसा ओढला असंल?"

बन्सीधरच्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली. तेवढ्यात लोहारानं गोवऱ्यांच्या जाळातून लालभडक धाव चिमट्यांनी उचलली, चाकावर बसवली, घणाचे चार घाव घातले आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली, आणि लाकूड कर्रकन आवळलं गेलं.

"थांबा!" बन्सीधर ओरडला. लोहारही दचकला. "दत्तराव, ही धाव तापवली कशाला?"

"तापवल्याबिगर चढंल का? गार धाव चाकाला लहान पडती."

"आणि पाणी कशाला मारलं?"

"गार झाली की आवळती म्हणून. सर, हे तर बारकं पोरगं बी सांगंल."

"तापली की मोठी, गार झाली की लहान. रात्रीतून कुणी तिच्यातलं लोखंड चोरतं का?"

"लोखंड कोन चोरंल?"

"मग गॅसनं तुमचं काय घोडं मारलंय? त्यानं का आकसू नये?"

दत्तरावांनी चाकाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, मग किशनरावांकडं वळून म्हणाले, "किशनराव, तुमी उगं खामखा सरच्या मागं लागलात."

बन्सीधरचा जीव भांड्यात पडला. पण पटलेला दत्तराव हा न पटलेल्या दत्तरावापेक्षा जास्त ताप देणारा निघाला. संध्याकाळी अंगणात येऊन पाहतो तर हौदाच्या कडेनं तुराट्यांचा ढीग रचलेला आणि दत्तरावांच्या हातात काडेपेटी.

"हे काय चाललंय?"

"जाळ करायलोय. तापला की वाढतो म्हणलात ना? सायबाच्या येळंला भरगच्च दिसला पायजे."

बन्सीधरनं झेप घेऊन काडेपेटी हिसकावली. "अहो, उडून जाल! तुम्ही, मी, हा गोठा, म्हशी, सगळे! जळणारा गॅस आहे तो!"

"धावंला तर जाळच करतेत."

"धाव पेट घेत नाही!" ओरडून ओरडून बन्सीधरचा घसा बसला. शेवटी जाळ नको, पण रात्रीचा गारठा लागू नये म्हणून ड्रमला गोधड्या पांघरायच्या, यावर तडजोड झाली. घरातल्या जाड गोधड्या ड्रमवर गेल्या. त्या कमी पडल्या म्हणून बन्सीधरचीही एक गेली. तो चादर दुमडून अंगावर घेऊन झोपला आणि दात वाजवत पडून राहिला.

सकाळी दत्तराव पुन्हा दारात. "सर, गोधड्या घातल्या तरी दीड बोट खाली हाय."

"दीडच ना? चारचं दीड झालं की!"

"दीड का असंना, गेलं कुठं? गोधडीत तर आकसत न्हाई म्हणलात. आज दुपारी सायबाचा निरोप यायचाय. उद्या सकाळपतुर सांगा हे दीड बोट कुठं जातंय. चारलसाला इचारा न्हाईतर." जाता जाता त्यांनी सरकीच्या पोत्यांचा विषय काढलाच.

आता खरं म्हणजे हे दीड बोट बन्सीधरला आधीपासून छळत होतं. पहिल्याच दिवशी त्यानं कागदावर मांडून पाहिलं होतं. दुपारचं तापमान, पहाटेचं तापमान, ड्रमची उंची. उत्तर यायचं अडीच बोटं. चार काही येईना. तेव्हा त्यानं बाष्प असेल, लोखंड असेल, दत्तरावांची बोटंच जाडी असतील, असं म्हणून स्वतःची समजूत घातली होती. वर्गात एखाद्या पोरानं अशी मखलाशी केली असती तर त्यानं शून्य दिलं असतं. उत्तर जुळत नसेल तर जुळत नाही म्हणा, असं तो फळ्यावर खडू आपटून सांगायचा.

दुसऱ्या दिवशी तो अंधारातच उठला, शाळेची फूटपट्टी घेतली आणि ड्रमशेजारी उकिडवा बसला. गोधडी बाजूला करून पाहिलं. रेघ जवळजवळ जागेवर होती. म्हणजे रात्रभर काहीच झालं नव्हतं. चार्ल्स निर्दोष होता. बन्सीधरला बरं वाटलं आणि तेवढ्यात ड्रमनं 'डुबुक' असा आवाज केला.

तो बघत राहिला. काल्यातून दोन बुडबुडे आले. चुन्याची रेघ त्याच्या डोळ्यांदेखत खाली सरकायला लागली. अगदी हळू, पण सरकत होती. अंगणात चिटपाखरू नव्हतं. रेघ दीड बोट खाली गेली आणि थांबली. मग सैपाकघरातून, रोजच्यासारखी, भिंतीवर टकटक झाली.

"सर, चहा!"

बन्सीधर फूटपट्टी हातात घेऊनच सैपाकघराच्या मागच्या दाराशी गेला. आत चूल थंड होती. शेगडीवर पातेलं, पातेल्यात आल्याचा चहा, आणि शेगडीची लाल फीत नीट घडी करून फळीवर ठेवलेली. सगुणाबाई खिडकीकडं कप धरून उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि कप पटकन पदराआड घेतला.

"काकू, तुम्ही?"

"सर, त्यायला सांगू नका." सगुणाबाई म्हणाल्या. "बावीस वर्सं झाली धूर खायलेय. डोळे गेले माझे. दारात गॅस आणून ठिवला अन् त्याला फीत बांधली. सायेब आज येतो, उद्या येतो. म्हणलं, सैपाक न्हाई करत, निदान पहाटचा चहा तरी करावा. तेवढ्या येळंला डोळं उघडं राहतेत."

"आणि आळ माझ्यावर आला! खोली जायची वेळ आली माझी!"

"मी तरी काय करू? म्हणून तर पहिला कप तुमालाच द्यायले." त्यांनी कप पुढं केला. "घ्या, गार होतंय."

बन्सीधरनं कप घेतला. धुराचा वास का येत नाही, हे त्याला आत्ता कळलं. गेलेलं दीड बोट दिवसा नव्या शेणातून भरून निघत होतं, हेही कळलं. म्हणजे इतके दिवस चोरीचा माल रोज पहाटे त्याच्याच पोटात जात होता, आणि मी गॅस घेतला नाही म्हणून तो गावभर गळा काढत होता. त्याला संतापही आला आणि हसूही आलं. सगुणाबाईंचे डोळे त्यानं नीट पाहिले. खरंच, दिवाळीत होते तसे लाल नव्हते.

बाहेर खाकरण्याचा आवाज आला. सगुणाबाईंनी झटक्यात पातेलं चुलीवर ठेवलं आणि फीत शेगडीच्या कानाला बांधली. हात सरावलेला होता.

"सर? हितं हायेत व्हय?" दत्तराव घोंगडी सावरत दाराशी आले. "सापडलं का दीड बोट?"

बन्सीधरनं चहाचा घोट घेतला. सगुणाबाई तोंडावर पदर घेऊन चुलीपुढं उगीच पऱ्हाट्या मोडत होत्या.

"सापडलं," तो म्हणाला. "गोधड्या पातळ पडतात. वरून ऊब राहते, कडेनं गारवा शिरतो. तेवढं दीड बोट धरून चाला. यात कुणाचा दोष नाही."

"कायद्यातच बसतंय का ते?"

"बसतं."

"मंग काई तक्रार न्हाई. तुमच्या बाईला कवा आणता? सरकीचं बगू दुसरीकडं." दत्तरावांनी सुस्कारा सोडला. "सायबाचा निरोप आला काल. आता पाडव्यानंतर येतो म्हनायलाय. तवर फितीला कुनी हात लावायचा न्हाई." आणि ते म्हशींकडं निघून गेले.

चपलांचा आवाज लांब गेल्यावर सगुणाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"पाडव्यानंतर म्हंजे उन्हाळा आला की हो सर. तुमचा हा नेम तर थंडीतच चालतो. उन्हाळ्यात रेघ खाली गेली तर काय सांगावं? अन् आता तुमची बाई बी येनार, एक कप वाढनार."

बन्सीधरनं कप रिकामा केला, बशी पालथी घातली.

"उन्हाळ्यासाठी दुसरा नियम आहे काकू. बॉईलचा. दाब वाढला की गॅस आकसतो. दत्तरावांना सांगतो, ड्रमवर दोन मोठे दगड ठेवायला."

"दगडानं लय आकसतो का?"

दोन दगडांनी केसभराचाही फरक पडत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर त्यानं शून्यच दिलं असतं.

"चहापुरता आकसतो," बन्सीधर म्हणाला.